डायनामो बेल्ट, एसी बेल्ट किती टाईट ठेवायचे? सारखे विचारले जाणारे प्रश्न

फॅन बेल्ट, डायनामो बेल्ट, एसी बेल्ट हे सगळे वेगवेगळे बेल्ट आहेत का?

कधी हो, कधी नाही. पूर्वी पद्मिनी, अँबेसिडरसारख्या गाड्यांत इंजिनच्या तोंडाशी पंखा असायचा आणि तो पट्ट्यावर फिरायचा, म्हणून नाव पडलं फॅन बेल्ट. आता बहुतेक पेट्रोल कारमध्ये रेडिएटरचा पंखा स्वतःच्या मोटरवर फिरतो, बेल्टचा त्याच्याशी काही संबंध उरला नाही, पण गॅरेजमध्ये नाव तेच चालू आहे. तसंच चालू गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला अजून सगळे डायनामोच म्हणतात, मीही म्हणतो.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून फिरणारा आणि डायनामो, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टीअरिंगचा पंप यातलं काहीही फिरवणारा जो पट्टा, त्याच्याबद्दल हे पान आहे. जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या गाडीत दोन पट्टे दिसतील, एक डायनामो आणि वॉटर पंपाचा, दुसरा एसीचा. नवीन गाड्यांत बऱ्याचदा एकच लांबलचक पट्टा सगळीकडून नागमोडी फिरवलेला असतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असेल तर स्टीअरिंगचा पंपच नसतो, म्हणजे त्याचा बेल्टही शोधत बसू नका.

टायमिंग बेल्टही असाच टाईट करायचा का?

नाही, नाही, नाही. टायमिंग बेल्ट दातेरी असतो, कव्हरच्या आत असतो, आणि तो काही दात सरकला किंवा तुटला तर बऱ्याच इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग इंजिन उघडायचं काम निघतं. खाली जे काय लिहिलंय ते बाहेर दिसणाऱ्या पट्ट्यांसाठी आहे.

ताण बरोबर असणं इतकं महत्त्वाचं का? घट्ट असला की झालं ना?

इथेच सगळी गडबड आहे. ढिला बेल्ट ओरडून सांगतो, जास्त टाईट झालेला बेल्ट गप्प बसतो आणि मुकाट्याने बेअरिंग खातो. म्हणून लोकांना वाटतं टाईट म्हणजे चांगला.

बेल्टचा ताण म्हणजे पुलीला एका बाजूला ओढणारं वजन असं समजा. पट्ट्याच्या दोन्ही बाजू पुलीला ओढत असतात, म्हणजे पट्ट्यात ५० किलोचा ताण असेल आणि पट्टा पुलीला अर्धा वेढा घालत असेल तर त्या शाफ्टवर जवळजवळ १०० किलो लटकवल्यासारखं होतं. तुम्ही टॉमी (लोखंडी दांडा) लावून दीडपट ताणला की तेच १५०. डायनामोचं बेअरिंग तळहातात मावेल एवढं, ते हे ओझं घेऊन इंजिनच्या दुप्पट-अडीचपट वेगाने फिरतंय. वॉटर पंपाचं बेअरिंग आणि सील पण तसंच, आणि पंपाला सील गळाल्यावर पाणी बाहेर यावं म्हणून एक बारीक भोक दिलेलं असतं, तिथून कूलंटचे डाग दिसायला लागले की समजायचं पंप चालला.

माझ्या जुन्या हॅचबॅकचा किस्सा सांगतो. सकाळी स्टार्ट केली की बेल्ट किंचाळायचा. एका रविवारी मी स्वतःच टॉमी घातली, जीव खाऊन ताणला, आवाज बंद. दिवसभर शेजाऱ्यांना सांगत फिरलो. तीन महिन्यांनी डायनामोतून घरघर सुरू झाली, बेअरिंग खलास. ते उघडून बघताना कळलं की वरच्या होजची क्लिप ढिली होती आणि कूलंटचा थेंब थेंब बेल्टवर पडत होता, म्हणून तो ओरडत होता. बेल्ट ढिला नव्हताच! क्लिप पिळायचं दोन मिनिटांचं काम होतं.

बेल्ट घसरतो म्हणजे नक्की काय होतं?

बैल बांधताना दाव्याचा खुंट्याला नुसता एक टेका दिला तर तो सुटेल, दोन वेढे मारले की हलणार नाही, तसंच आहे. बेल्ट पुलीला जितका जास्त वळसा घालतो तितकी पकड जास्त. डायनामोची पुली सगळ्यात लहान, तिला वळसाही कमी मिळतो आणि ओझं मात्र भरपूर. १४ व्होल्टला ८० अँपिअर काढायचे म्हटलं तर ११०० वॉट झाले, डायनामोचा स्वतःचा तोटा धरला तर बेल्टला जवळपास २ किलोवॉट पोचवायला लागतात. म्हणून घसरण बहुतेक वेळा आधी डायनामोच्या पुलीवर होते.

घसरला की पुली तापते, रबर चकचकीत होतं, चकचकीत झालं की अजून घसरतं. मग चार्जिंग कमी, हेडलाईट मंद, आणि त्याच पट्ट्यावर वॉटर पंप असेल तर घाटात टेंपरेचरचा काटा वर.

सकाळी स्टार्ट केल्यावरच आवाज येतो, दहा मिनिटांनी बंद होतो. दुर्लक्ष केलं तर चालेल?

सकाळी रबर गार आणि कडक असतं, पुलीवर दमटपणा असतो, आणि स्टार्टरने बॅटरीतून जे काढलं ते भरून काढायला डायनामो जोर लावत असतो. तिन्ही एकत्र आलं की ताण जरासा जरी कमी असेल तर बेल्ट ओरडणार. पावसाळ्यात कोकणात तर हे रोजचंच. थोडक्यात, जेमतेम ताण आहे आणि आणीबाणीची पकड शिल्लक नाही असं समजा, त्या आठवड्यात बघून घ्या. गाडी लगेच बंद पडणार नाही.

एसी चालू केल्याबरोबर "कीss" असा आवाज येऊन थांबतो, किंवा जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावरच येतो, तर कुठला बेल्ट ते गाडीनेच सांगितलं.

आवाज ताणामुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, हे कसं ओळखायचं?

आधी कान लावा. लांब किंचाळणं, रेस केल्यावर वाढणारं, ही घसरण. चिमणीसारखं "चिक चिक चिक", इंजिनच्या वेगाबरोबर ठेका धरणारं, हे बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्यामुळे. आणि घरघर किंवा गुंगुं असा सततचा आवाज म्हणजे बेअरिंग, त्यात बेल्टचा दोष नाही.

मग पाण्याची टेस्ट. इंजिन आयडलवर ठेवून, लांबून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं साधं पाणी मारायचं. आवाज वाढला तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. आवाज क्षणभर गेला आणि पाणी वाळल्यावर परत आला तर पुलीची लाईन बघा. ही टेस्ट फुकट आहे आणि मी ती त्या रविवारी केली नव्हती. डायनामोच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारू नका, फक्त बेल्टवर.

लाईन बघायला सरळ स्टीलची पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवून बघायची. ३० सेंटीमीटरच्या अंतरात दीड मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर पट्टा तिरका चालतोय. बहुतेक वेळा कारण साधं असतं, डायनामो खोलून बसवताना वॉशर इकडचा तिकडे झालेला असतो, किंवा बेल्टच पुलीवर एक खाच सोडून बसवलेला असतो. हे दुसरं तर इतक्या वेळा बघितलंय की आता मी आधी खाचाच मोजतो.

बरं, ताण मोजायचा कसा? अंगठ्याने दाबून कळतं का?

अनुभवी मिस्त्रीला कळतं, तुम्हाला आणि मला नाही. अंगठ्याने "जोरात" दाबलं म्हणजे एकाचे ४ किलो, दुसऱ्याचे १२. जुन्या मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते ती अशी, दोन पुल्यांच्या मधल्या सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर १० किलोचा दाब द्यायचा आणि पट्टा किती मिलिमीटर आत जातो ते बघायचं. जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुतेक वेळा हा १० किलोचाच दाब असतो, ९८ न्यूटन लिहिलं असेल तरी तेच. छोट्या कारच्या खाचांच्या पट्ट्याला उत्तर साधारण ५ ते १० मिलिमीटरच्या आसपास येतं, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कारण पुल्यांमधलं अंतर बदललं की आकडा बदलतो. जुन्या व्ही पट्ट्याच्या, म्हणजे एकाच खोल खाचेत बसणाऱ्या पाचरीसारख्या पट्ट्याच्या, गाड्यांत तो जास्त असायचा, म्हणून काका-आजोबा "अर्धा इंच" म्हणतात. तोच अर्धा इंच आजच्या पट्ट्याला लावला तर तो ढिला पडेल.

१० किलो मोजायला बॅगा तोलायचा डिजिटल काटा घ्या, विमानप्रवासाला घरात असतोच. त्याच्या हुकला कापडी पट्टी बांधा, ती बेल्टच्या मध्यावर अडकवा, दाबण्याऐवजी बाहेर ओढा, १० किलो दिसले की थांबा. दोन पुल्यांवर फुटपट्टी किंवा ताणलेली दोरी आधीच धरून ठेवली की किती सरकला ते मोजता येतं. एकट्याने करताना हात कमी पडतात, घरातल्या कोणाला तरी पट्टी धरायला बोलवा.

पट्टा ९० अंश पिळता आला की ताण बरोबर, हे खरं आहे का?

अंदाज म्हणून ठीक. पण पट्टा किती रुंद, मोकळा भाग किती लांब, यावर सगळं अवलंबून आहे. ६ खाचांचा पट्टा २० सेंटीमीटरच्या अंतरात ९० अंश पिळायला बघाल तर बोटं दुखतील आणि तुम्ही म्हणाल टाईट आहे. रस्त्यात अडकलात आणि हातात काहीच नाही, तेव्हा वापरा.

मोबाईलच्या ॲपने ताण मोजता येतो म्हणतात, तो काय प्रकार आहे?

तंबोऱ्याची तार जितकी ताणू तितका सूर चढतो, तेच तत्त्व. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मोकळ्या भागावर बोटाने टिचकी मारायची आणि फोनवर फ्रिक्वेन्सी मोजणारं कुठलंही ॲप उघडून माईक जवळ धरायचा, गिटार ट्यूनरसारखं. किती हर्ट्झ आले ते बघायचं.

पुढचं गणित ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी: ताण न्यूटनमध्ये = ४ × एका मीटर पट्ट्याचं वजन किलोत × मोकळ्या भागाच्या लांबीचा वर्ग × फ्रिक्वेन्सीचा वर्ग. वजन कुठून आणायचं? काढलेला जुना बेल्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. समजा ८१५ मिलिमीटरचा बेल्ट ६५ ग्रॅम भरला, म्हणजे मीटरला साधारण ०.०८ किलो. मोकळा भाग ०.३ मीटर, आवाज १५० हर्ट्झ, तर ताण येतो जवळपास ६५० न्यूटन, म्हणजे ६६ किलो. हे आकडे नुसते गणित दाखवायला घेतलेत, तुमच्या गाडीचे नाहीत हो, नाहीतर कोणीतरी १५० हर्ट्झवर आणून ठेवेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. फ्रिक्वेन्सीचा वर्ग येतो, म्हणून ती १० टक्क्यांनी वाढली तर ताण २१ टक्क्यांनी वाढलेला असतो. आणि मोकळा भाग फारच आखूड असेल तर रबराच्या स्वतःच्या ताठपणामुळे आकडा जास्त येतो, म्हणून लांब भाग निवडा. माझा खरा उपयोग वेगळाच आहे. मॅन्युअलप्रमाणे ताण नीट लावला की लगेच टिचकी मारून हर्ट्झ लिहून ठेवतो, नंतर दर दोन महिन्यांनी टिचकी मारली की किती उतरला ते अर्ध्या मिनिटात कळतं, काटा-पट्टी काही काढायला लागत नाही.

इंजिन गरम असताना मोजायचं की गार?

गार. ॲल्युमिनियमचं इंजिन तापलं की फुगतं, पुल्यांमधलं अंतर वाढतं, आणि पट्टा टाईट वाटतो. गाडी रात्रभर उभी होती अशी सकाळ सगळ्यात चांगली. मॅन्युअलमध्ये मुद्दाम गरम असताना मोजा असं लिहिलं असेल तर अर्थातच ते ऐका.

नवीन बेल्ट आणि जुना बेल्ट, ताण सारखाच ठेवायचा?

नाही, आणि हे बरेच जण चुकतात. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, नवीनसाठी जास्त ताण, वापरलेल्यासाठी कमी. आणि वापरलेला म्हणजे किती वापरलेला? टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये चालू इंजिनवर ५ मिनिटं किंवा जास्त फिरलेला बेल्ट हा वापरलेला धरतात. म्हणजे नवीन बेल्ट टाकला, इंजिन पाच मिनिटं चालवलं, की पुढच्या वेळेपासून तो जुना! नवीन पट्टा खाचांत बसताना थोडा सैल पडतो, तो हिशेब आधीच धरलेला असतो.

म्हणून नवीन बेल्ट टाकल्यावर नवीनचा आकडा लावा, पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा, गार होऊ द्या, परत मोजा, आणि ५०० ते १००० किलोमीटरनी अजून एकदा बघा. गॅरेजवाला तिसऱ्यांदा बघायला बोलावत नाही, तुम्हालाच जायला लागतं. बिलावर किलोमीटर लिहून ठेवा.

प्रत्यक्ष ताण वाढवायचा-कमी करायचा कसा?

आधी सुरक्षिततेचं. किल्ली काढून खिशात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण डायनामोच्या मागच्या जाड वायरला बंद गाडीतही थेट बॅटरीचा करंट असतो आणि पाना तिला आणि बॉडीला एकदम लागला तर जे दिसतं ते दिवाळीपेक्षा भारी असतं. ओढणी, सैल बाही, हातातला दोरा, अंगठी, गळ्यातली साखळी सगळं बाजूला. किल्ली काढली तरी काही गाड्यांत गरम इंजिनवर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायला लागतो, म्हणूनही गार इंजिनच बरं.

जुनी पद्धत म्हणजे डायनामो खालच्या बोल्टवर झुलतो आणि वरचा बोल्ट एका लांबट खाचेच्या पट्टीत सरकतो. दोन्ही बोल्ट सैल करायचे. फक्त वरचा सैल करून खालचा तसाच ठेवून टॉमी मारणारे लोक असतात, त्याने ब्रॅकेट तडकतो. दोन्ही सैल झाले की डायनामो हाताने हलला पाहिजे. मग लाकडी दांडा, हातोडीचा असला तरी चालेल, इंजिनचा भक्कम भाग आणि डायनामोच्या पुढच्या जाड ओतीव भागाच्या मध्ये घालून हळूच बाहेर ढकलायचा. मागच्या पातळ कव्हरवर, मधल्या पत्र्यांच्या थप्पीवर, एसीच्या पाईपवर टेकू घ्यायचा नाही. ताण धरून वरचा बोल्ट आवळा, मोजा, बरोबर आला की खालचा आवळा, परत एकदा मोजा. पहिल्या फटक्यात माझं कधीच बरोबर येत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी येतं, त्यात लाज नाही.

दुसऱ्या प्रकारात ताणायला वेगळा लांब स्क्रू दिलेला असतो, किंवा एसीच्या बेल्टला एक रिकामी पुली असते तिच्या मधला नट सैल करायचा आणि बाजूचा स्क्रू फिरवायचा. हे सुख आहे, पाव-पाव आट्याने ताण वाढवता येतो. फक्त मधला नट आवळताना पुली किंचित सरकते आणि आकडा बदलतो, म्हणून आवळून झाल्यावरच शेवटचं मोजमाप. आणि मधला नट सैल न करताच स्क्रू पिळला तर आटे जातात, मग सुख संपतं.

माझ्या गाडीत ऑटो टेन्शनर आहे, मला काही करायचंय का?

ताण लावायचा नाही, पण बघायचं आहे. आतली स्प्रिंग पट्टा कायम ताणून धरते आणि घर्षणाची रचना तिचं हेलकावणं दाबते. बऱ्याच टेन्शनरवर एक काटा आणि दोन खुणा असतात, काटा खुणांच्या मध्ये असला पाहिजे. बाहेर गेला तर बेल्ट ताणला गेलाय, झिजलाय किंवा चुकीच्या लांबीचा बसवलाय.

आयडलवर टेन्शनरच्या हाताकडे बघा. बारीक थरथर चालते, पण तो नाचत असेल तर आतलं घर्षण गेलंय किंवा डायनामोची एकेरी पुली अडकलीये. ही एकेरी पुली बऱ्याच डिझेल गाड्यांत असते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी, एका दिशेने डायनामोला फिरवते आणि दुसऱ्या दिशेने मोकळी सुटते. दोन्हीकडे घट्ट किंवा दोन्हीकडे मोकळी झाली तर बेल्टला हिसके बसतात, आणि लोक बेल्टवर बेल्ट बदलत बसतात. टेन्शनर जुना असेल तर बेल्टबरोबर तोही बदलणं मला पटतं. खर्च टोचतो, पण मजुरी एकदाच जाते.

माझ्या गाडीत टेन्शनरही नाही आणि ॲडजस्टमेंटचा बोल्टही नाही. हरवलाय का?

नाही हरवला, तुमचा स्ट्रेच बेल्ट असणार. त्याच्या आतल्या दोऱ्याच लवचिक असतात, पट्टा पुल्यांच्या अंतरापेक्षा थोडा आखूड बनवतात आणि खास टूलने पुलीवर चढवतात, स्वतःच्या लवचिकपणाने तो ताण धरतो. काढताना सरळ कापतात, एकदा काढला की परत वापरत नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने चढवायला जाल तर कडेच्या दोऱ्या तुटतात आणि महिनाभरात पट्टा कडेने उसवतो. आणि साधा बेल्ट त्याजागी बसवायचा नाही, तो बसणारही नाही आणि बसलाच तर ताण राहणार नाही.

हायब्रिड गाडीत पण हेच सगळं लागू आहे का?

सौम्य हायब्रिड, म्हणजे २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझमध्ये आलेल्या एसएचव्हीएस यंत्रणेसारख्या प्रकारात डायनामोच स्टार्टरचं आणि थोड्या मदतीचं काम करतो. म्हणजे कधी इंजिन त्याला ओढतं, कधी तो इंजिनला, ढिली बाजू आणि ताणलेली बाजू अदलाबदल होते. तिथे घरी हात घालू नका. आणि २००९ मधल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये वॉटर पंप आणि एसी दोन्ही इलेक्ट्रिक, त्यामुळे असा बाहेरचा बेल्टच नाही.

बेल्टवर साबण, मेण, स्प्रे मारला तर आवाज जातो. मग प्रॉब्लेम काय?

आवाज जातो, कारण नाही जात. साबणाने आणि मेणाने पकड उलट कमी होते, चिकट स्प्रे धूळ धरून ठेवतो आणि आपल्याकडच्या रस्त्यावर धुळीची काय कमी. लाल मातीच्या गावात राहात असाल तर दोन आठवड्यांत खाचांत विटकरी पेस्ट तयार. गाडी विकायच्या आदल्या दिवशी मारतात तो, हे सेकंडहँड गाडी घेताना ध्यानात ठेवा.

बेल्ट ताणायचा की बदलायचा, कसं ठरवायचं?

जुन्या रबराचे पट्टे म्हातारे झाले की आडव्या भेगा पडायच्या, सोपं होतं. आता बहुतेक पट्टे ईपीडीएम रबराचे असतात, ते लवकर भेगाळत नाहीत, ते टायरसारखे झिजतात. वरून काळा कुळकुळीत दिसेल आणि खाचा मात्र रुंद झालेल्या असतील. झिजलेला पट्टा पुलीत खोल बसतो, म्हणजे जणू लांब झाला, आणि तुम्ही ताणत राहता. दर महिन्याला ताणायला लागत असेल किंवा डायनामोचा बोल्ट खाचेच्या शेवटच्या टोकाला पोचला असेल, तर बदला. कड उसवली असेल, खाचेचा तुकडा गेला असेल, ऑईल लागून फुगला असेल, तरीही बदला, आणि ऑईल कुठून आलं ते आधी शोधा, नाहीतर नव्याचंही तेच होईल. साधारण आयुष्य गाडीनुसार ४०,००० ते १,००,००० किलोमीटर धरतात.

नवीन घेताना स्पेअरवाल्याला काय सांगायचं?

पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर. समजा ४पीके८१५ लिहिलंय, तर ४ खाचा, पीके ही खाचेची जात, आणि ८१५ मिलिमीटर लांबी. खाचांची संख्या बदलायची नाही. लांबीत पाच मिलिमीटर इकडेतिकडे ॲडजस्टमेंटवाल्या गाडीत चालून जातं, ऑटो टेन्शनर किंवा स्ट्रेच बेल्टला नाही. "हाच बसतो साहेब, सगळे हाच नेतात" असं म्हणाला तर जुना आणि नवीन एकत्र धरून बघा, दुकानातच. जुना चांगला निघाला तर डिकीत ठेवा.

रस्त्यात बेल्ट तुटला तर?

डायनामोचा पट्टा असेल तर बॅटरीचा लाल दिवा लागेल. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं करू नका, घाटात तर अजिबात नाही, हेड गॅस्केट गेली की बेल्टचे काही शे रुपये आठवून रडू येतं. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर किंवा चेनवर असेल आणि तुटलेला पट्टा फक्त डायनामोचा असेल तर एसी, म्युझिक, लाईट बंद करून दिवसा थोडं अंतर बॅटरीवर जाता येतं, किती ते बॅटरीच्या तब्येतीवर. फक्त एसीचा पट्टा गेला असेल तर घाम पुसत घरी या. पण कुठल्याही परिस्थितीत बॉनेट उघडून तुटलेले दोरे दुसऱ्या पुलीत गुंडाळले गेले नाहीत ना हे बघितल्याशिवाय निघू नका, ते दोरे टायमिंग कव्हरच्या आत शिरले तर मोठं काम होतं.

ओढणी बांधून गाडी चालवल्याचे किस्से खरे असतील, पण ते एका खाचेच्या व्ही पट्ट्याच्या जमान्यातले. पाचरीसारख्या खोल खाचेत कापड रुतून बसायचं. आजच्या चपट्या बारीक खाचांच्या पुलीवर ते टिकणार नाही, ओढणी मात्र जाईल.

गॅरेजमध्ये बेल्ट टाईट करून आणला, तो जास्त टाईट केलाय का हे घरी कळेल?

गार झाल्यावर वरची १० किलोची टेस्ट करा. आकडा मॅन्युअलच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी, म्हणजे पट्टा फारच कमी हलतोय, तर जास्त टाईट आहे. इंजिन चालू असताना आधी नव्हता असा बारीक शिट्टीसारखा किंवा घुंईं आवाज येत असेल, रेसबरोबर चढणारा, तर शंका घ्याच. बॉनेट उघडून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डायनामोच्या बॉडीवर, फिरत्या भागापासून लांब, आणि मूठ कानाला, डॉक्टरसारखं. बेल्ट काढलेला असेल तेव्हा प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा, खरखर लागली किंवा वरखाली डुगडुगली तर बेअरिंग गेलंय.

आणि मिस्त्रीला सांगताना "टाईट करा" असं सांगू नका, तो करेलच. "मोजून लावा, इतके मिलिमीटर" असं सांगा आणि मॅन्युअलचं पान फोनवर दाखवा. पहिल्यांदा तो हसेल. माझ्या गॅरेजवाल्याकडे आता बॅग तोलायचा काटा खिळ्याला टांगलेला असतो, माझाच आहे, मागच्या वर्षी विसरून आलो होतो, अजून परत दिलेला नाही.